रविवारी अकरा वाजता लॅपटॉप न जोडला गेल्याबाबतचा खुलासा

प्रति,
मा. समुपदेशन अधिकारी,
कौटुंबिक वाद समुपदेशन कक्ष,
मुंबई.

अर्जदार : श्री. जयवंत धोंडू चिंदरकर, राहणार दुसरा माळा, काळाचौकी, मुंबई.

विषय : कु. अवनी (वय सात) हिच्याशी दर रविवारी होणारी व्हिडिओ भेट पुन्हा सुरू करणेबाबत, तसेच अर्जदाराचा लॅपटॉप घरच्या वायफायला का जोडला जात नव्हता याचा खुलासा सादर करणेबाबत.

संदर्भ : सदर भेटी कायमच्या बंद कराव्यात असा श्रीमती सुरुची यांचा अर्ज व त्यावर आपण मागविलेले लेखी म्हणणे.

महोदया,

१. उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, अर्जदार परळ येथील एका छापखान्यात बांधणी खात्यात कामाला असून त्याने आयुष्यात दुसऱ्यांची पुस्तके पुष्कळ शिवली, पण स्वतः कधी पान भरून लिहिलेले नाही. तळमजल्यावरील श्री. मनमोहनकाका यांची उभी हयात सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज वाचण्यात गेली. त्यांनी बजावले की अर्ज एका पानात आटपावा, 'मी' न लिहिता 'अर्जदार' असे लिहावे आणि अर्जात रडू नये. पहिली सूचना पाळता आलेली नाही याबद्दल दिलगिरी आहे. दुसरी पाळली आहे. तिसरीबाबत प्रयत्न चालू आहे.

२. अर्जदार व श्रीमती सुरुची यांचे का पटले नाही, हा या अर्जाचा मुद्दा नाही. सुरुची शिवाजी पार्कच्या घरात वाढलेली, अर्जदार गिरणी कामगाराचा मुलगा, आणि खोली एवढी की एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला उठून बसावे लागते. तरी सात-आठ वर्षे तिने काढली. पुढे तिला बंगळुरूला नोकरी लागली व ती अवनीला घेऊन विमानाने गेली. त्या वेळी आपल्याच कक्षात आपल्यासमोर ठरले की अवनीने दर रविवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर वडिलांना व आजीला भेटावे. आपण त्या दिवशी दोघांनाही चहा पाजला होता, ते अर्जदार विसरलेला नाही.

पहिली भेट अर्जदाराने शेजारच्या सुनेत्रावहिनींच्या फोनवरून गॅलरीत उभे राहून घेतली, कारण समोर उंच इमारतीचा टॉवर उभा राहिल्यापासून खोलीत फोनची रेंज येत नाही. अवनी दिसताच अख्खा माळा गोळा झाला. कोणी दात दाखव म्हणाले, कोणी गाणे म्हण म्हणाले, एकीने कन्नडमध्ये काहीतरी बोलून दाखव असा आग्रह धरला. मुलगी बावरून रडू लागली व अर्जदाराच्या वाट्याला तिचे डोके तेवढे आले. यावर सुरुचीने रास्त हरकत घेतली. तेव्हा आपण अट घातली की भेट घरात, दार लावून आणि एकाच नोंदवलेल्या खात्यावरून व्हावी. अर्जदाराचा स्वतःचा फोन बटणांचा आहे. आई श्रीमती अंबिका यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने नात मोठ्या पडद्यावर दिसावी, म्हणून छापखान्याने काढून टाकलेला जुना लॅपटॉप अर्जदाराने घरी आणला व वायफाय बसवून घेतले. खाते त्या लॅपटॉपवर आहे.

३. सुरुवातीच्या भेटी चांगल्या झाल्या, हे सुरुचीनेही तिच्या अर्जात मान्य केले आहे. अवनी पडलेला दात दाखवी, वहीतली चित्रे दाखवी. आई पडद्याला इतकी चिकटून बसे की पलीकडे अवनीला आजीचे फक्त नाक दिसे, आणि ती हसून लोळे. आई तिला रविवारचे जेवण दाखवी, तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या सारात डाव बुडवून वर धरी. वास येत नाही म्हणून अवनी रुसे. मोरीची जागा तीच आहे का, शेजारची मांजर व्यायली का, हेही ती विचारी. भेट संपल्यावर अर्जदार गॅलरीत जाऊन उभा राही व आई सार पुन्हा गरम करी. सुख म्हणून जे काही असते ते त्या घरात रविवारी अकरा वाजता येत असे, एवढेच नमूद करतो.

४. त्यानंतर लॅपटॉप जोडला जाईनासा झाला. याचा तपशील आपण मागितला असल्याने देत आहे.

लॅपटॉप जुना असल्याने जागा व्हायला वेळ घेतो. म्हणून अर्जदार रविवारी सकाळीच तो चालू करून, वायफाय जोडल्याची खूण कोपऱ्यात पाहून, झाकण उघडे ठेवून मेजावर ठेवी व दाढी करून घेण्यास आणि सदऱ्याला इस्त्री करून आणण्यास खाली जाई. परत येऊन बसावे तर खूण गेलेली. वायफायवर टिचकी मारावी तर एकही नाव दिसत नसे. आपले घरचे नाही, शेजारचे नाही, कोणाचेच नाही. चाळीत आपण एकटेच राहतो की काय असे वाटावे.

अर्जदाराने लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायचा डबा बंद करून चालू केला. डब्यावरचे सर्व दिवे हिरवे होते. गॅलरीत जाऊन कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला, तेथे एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा असे करता करता अकराचे साडेअकरा झाले व शेवटी एका मुलीने डबा बंद करून चालू करण्यास सांगितले. आईला विचारले की लॅपटॉपला कोणी हात लावला होता का. ती म्हणाली, "मी कशाक हात लावतलंय? पदरान पुसलंय तेवढा." आई खोटे बोलत नाही. ती खरेच बोलत होती, हे पुढे येईल.

सोमवारी कामावरून सुटल्यावर अर्जदार लॅपटॉप काखेत मारून लालबागच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानातील मयूर याने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलतच त्यावर बोटे फिरवली आणि म्हणाला, "काय नाय झालंय काका, मस्त चालतोय." आणि खरोखरच चालत होता. घरी आणला, जोडला गेला. मंगळवारी जोडला गेला, बुधवारी जोडला गेला, शनिवारी रात्री निजताना पाहिला तेव्हाही जोडलेला होता. रविवारी अकरा वाजता नाही. मयूरने पुढच्या खेपेस तो आतून पुसून सर्व काही नव्याने भरून दिले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

५. असे पुनःपुन्हा घडू लागल्यावर चाळीत त्याची चर्चा सुरू झाली. मनमोहनकाकांचे मत पडले की रविवारी टॉवरमधली सर्व माणसे घरी असतात व ती आपल्या वाटची हवा ओढून घेतात. सुनेत्रावहिनींचे मत पडले की मिक्सर चालू झाला की टीव्हीवर मुंग्या येतात, तर वायफायचा काय पाड. आईचे मत पडले की लेकराला दृष्ट लागली आहे. अर्जदाराचे स्वतःचे असे मत राहिले नव्हते. जो जे सांगेल ते तो करीत होता. डबा वर टांगला, खाली ठेवला, पोटमाळ्यावर ठेवला, आईच्या सांगण्यावरून त्यावरून मीठ-मोहरीही उतरून टाकली.

एका रविवारी दुसऱ्या माळ्यावरच्या सर्व बिऱ्हाडांनी मिळून ठरवले की अकरा ते साडेअकरा कोणी काही चालवायचे नाही. टीव्ही बंद झाले, मिक्सर बंद झाले, ज्यांच्याकडे वायफाय होते त्यांनी ते बंद केले. सुनेत्रावहिनींनी त्या दिवशी वाटण पाट्यावर वाटले व तेही आवाज नको म्हणून दार लोटून घेऊन. मंडळाची पोरे खाली ढोल वाजवत बसली होती, त्यांना कोणीतरी दटावून उठवले. काळाचौकीत भर रविवारी एवढी शांतता अर्जदाराने गिरण्यांचा संप चालू असतानाही ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत अर्जदार इस्त्रीचा सदरा घालून, आई नवे लुगडे नेसून, अशी दोघे कोऱ्या पडद्यासमोर बसलेली होती. लॅपटॉप जोडला गेला नाही. साडेअकराला दारावर टकटक झाली व सुनेत्रावहिनींनी विचारले, "झाली का भेट? आता लावू का टीव्ही?" आई म्हणाली, "झाली गो, लाव." त्या बाईचा हिरमोड होऊ नये म्हणून आईने असे सांगितले. आई खोटे बोलत नाही असे वर लिहिले आहे, त्याला हा एक अपवाद धरावा.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक आहे. त्या रविवारांना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात विमानाचे बारीकसे चित्र दिसत असे. अर्जदाराने ते पाहिले होते. परंतु मुलगी विमानाने गेल्यापासून अर्जदाराचे लक्ष जिथे तिथे विमानावर जाते. कॅलेंडरवर विमान दिसते, बिस्किटाच्या पुड्यावर दिसते, गॅलरीतून मान वर केली की दिसतेच. त्यामुळे लॅपटॉपमध्येही एक आहे याचे त्याला नवल वाटले नाही आणि त्याने ते कोणाला सांगितले नाही.

६. (हा परिच्छेद मनमोहनकाकांनी गाळण्यास सांगितले होते.) दरम्यान अर्जदाराने आपल्या बटणांच्या फोनवरून गॅलरीच्या टोकाशी जाऊन सुरुचीला फोन केले. पहिल्या वेळी अवनी बोलली. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाबा, तू दिसत नाहीस," आणि फोन सुरुचीकडे दिला. त्यानंतर तिने फोनवर येण्यास नकार दिला. मागून तिचा आवाज मात्र ऐकू आला. ती सुरुचीला सांगत होती, "त्याला सांग मी बिझी आहे." महोदया, ती सात वर्षांची आहे. हा शब्द तिने कोणाच्या तोंडून उचलला याची चौकशी अर्जदाराने केलेली नाही, कारण कामावर ओव्हरटाइम चालू असताना तो अर्जदारानेच तिला अनेकदा ऐकवला आहे.

७. सुरुचीच्या अर्जाविषयी अर्जदाराची तक्रार नाही. त्यात लिहिले आहे की मुलगी रविवारी सकाळी न सांगता न्हाऊन तयार होते, फ्रॉक स्वतः निवडते, आजीला दाखवायच्या वस्तू टेबलावर ओळीने मांडते, आणि मग बसून राहते. कोणी आले नाही की वस्तू एकेक करून परत ठेवते व दुपारी जेवत नाही. दर वेळी समोरून नवे कारण येते. कधी नेट, कधी डबा, कधी टॉवर. यापेक्षा भेट नसलेली बरी, असे तिचे म्हणणे आहे. कोणतीही आई हेच लिहील. तो अर्ज वाचून अर्जदाराला इतकेच कळले की दोन्ही शहरांत त्या वेळी माणसे नटून कोऱ्या पडद्यासमोर बसली होती आणि दोघांनाही वाटत होते की पलीकडे कोणी नाही.

८. आपले पत्र आले की लेखी म्हणणे येईपर्यंत भेटी स्थगित ठेवण्यात येत आहेत. ते छापखान्याच्या पत्त्यावर आले हे बरे झाले. आईला वाचता येत नाही व घरी आलेला कागद ती सुनेत्रावहिनींकडून वाचून घेते. अर्जदाराने तिला काही सांगितले नाही. रविवार उजाडला. अर्जदाराने नेहमीप्रमाणे लॅपटॉप चालू केला, खूण पाहिली, सदरा उचलला व खाली निघाला. पण दाढी कोणासाठी करायची, असे मनात येऊन तो जिन्यातूनच परत फिरला. दार लोटलेले होते. फटीतून जे दिसले ते असे.

आई मेजासमोर उभी होती. पदर खोचलेला, डोक्यावरून ओला हात फिरवलेला. तिने पदराच्या टोकाने लॅपटॉप पुसला. मग हात जोडून ती गाऱ्हाणे घालू लागली. अर्जदाराच्या गावी, मालवणाकडे, देवळात सर्वांच्या वतीने देवाला असे गाऱ्हाणे घालतात व जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. येथे होकार भरायला कोणी नव्हते, म्हणून तोही तीच भरत होती. तिचे शब्द असे होते (चेडू म्हणजे मुलगी, हाड म्हणजे आण) : "बा देवा रवळनाथा, आज जा काय चेडू येवचा आसा, तेच्या इमानाची वाट खंय अडाकली आसात तर ती मोकळी कर, आनि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा. व्हय म्हाराजा." एवढे बोलून तिने उजव्या हाताचे बोट लॅपटॉपच्या वरच्या ओळीतील एका कळीवर टेकवले आणि ते कपाळाला लावले. देवाच्या पायाला टेकवतात तसे, जरा दाबून.

कोपऱ्यातली वायफायची खूण गेली व विमान आले.

महोदया, ती कळ कशाची आहे हे आपल्या कक्षातील कोणीही सांगेल. विमानात बसताना लोक जी दाबतात, ती. ती दाबली की यंत्राचा बाहेरच्या जगाशी सर्व संबंध तुटतो, आणि पुन्हा दाबेपर्यंत जोडला जात नाही. मयूर दर सोमवारी ती सवयीने दाबून देत असणार व त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले नसणार. त्या कळीवर बारीकसे विमान काढलेले असते. आईला ते आधी माहीत नव्हते. ज्या रविवारी भेट शेवटची नीट झाली, त्या दिवशी अवनीने बोलता बोलता फोन फिरवून तिच्या आईच्या लॅपटॉपवरची तीच कळ बोटाने दाखवून सांगितले होते, "आजी, हे बघ विमान. मी यातूनच येणार आहे तुझ्याकडे." अर्जदार तेव्हा शेजारीच बसलेला होता. पोरीच्या बोलण्याला तो हसला होता.

नमस्कार करण्याला कोणी हात लावणे म्हणत नाही. त्यामुळे आईने वर दिलेले उत्तर खरे होते.

९. अर्जदार दाराबाहेर किती वेळ उभा राहिला हे सांगता येत नाही. हसावे की कपाळ बडवून घ्यावे हे त्याला समजेना. आई पाणी ठेवायला आत वळल्यावर तो खोलीत गेला आणि त्याने ती कळ दाबली. वायफाय जोडले गेले. इतक्या रविवारांनंतर घड्याळात अकरा वाजत असताना लॅपटॉप जोडलेला होता. भेटी स्थगित आहेत, पलीकडे कोणी येणार नाही, हे ठाऊक असूनही अर्जदाराने भेटीचे पान उघडले. आईने पाहिले की पडद्यात उजेड आला. ती हातातले पातेले तसेच ठेवून धावत आली, बसली, पदर नीट केला आणि पडद्याला नाक लावले.

पलीकडे कोणी नसले की त्या पानावर आपलेच चित्र दिसत राहते. आईने पुष्कळ वेळ पाहिले. मग विचारले, "हे आमीच मां?" अर्जदार हो म्हणाला. ती म्हणाली, "चेडू खेळाक गेला आसतला. येतला." आणि ती बसून राहिली. अर्जदारही बसला. दोन म्हातारी माणसे दिसत होती. एक तर म्हातारीच होती, दुसरा दाढी न केल्यामुळे तसा दिसत असावा. बारा वाजता आई उठली व तिने सार गरम न करताच वाढले.

त्या रात्री अर्जदार गॅलरीत जाऊन रडला. मनमोहनकाकांची तिसरी सूचना अर्जापुरती होती, गॅलरीपुरती नव्हती.

१०. यावर उपाय अगदी सोपा आहे असे आपण म्हणाल. मनमोहनकाकाही तसेच म्हणाले. म्हातारीला सांग की त्या कळीला हात लावू नकोस, विषय संपला. अर्जदाराने हे सांगण्याचा प्रयत्न केला. तो तिच्यासमोर बसला, पायाला तेल लावून देतो म्हणाला आणि तेल लावून दिले. सांगितले नाही. कारण पहिल्या शब्दाबरोबर तिला हिशेब कळला असता, की चेडू इतके रविवार बसून उठले ते तिच्या बोटाने. नवरा गेला तेव्हा तिने याच हातातल्या बांगड्या उतरवल्या, थोरली मुलगी तान्हेपणी गेली तिलाही तिने याच हाताने न्हाऊ घातले होते. त्या हातावर आता हे घालायला अर्जदाराचे मन धजत नाही.

कळीवर चिकटपट्टी लावावी असे त्यांचे दुसरे मत पडले. लावून पाहिली. आईने संध्याकाळी विचारले की इमान कोणी झाकले, पोर येणार कशी. पट्टी काढून टाकली.

सबब अर्जदार लेखी हमी देतो की, रविवारी सकाळी आईने गाऱ्हाणे घालून त्या कळीला नमस्कार केल्यानंतर, ती पाणी ठेवण्यास वळताच, अर्जदार तीच कळ स्वतः एकदा दाबील व अकराच्या आत लॅपटॉप जोडून बसेल. दाढी तो शनिवारी करून घेईल. अशी हमी आजवर कोणी आपल्या कक्षात दिली नसेल याची त्याला जाणीव आहे. पण ती तो पाळील.

११. वरील खुलासा ऐकून सुरुचीचे वकील हसतील, हेही अर्जदार समजू शकतो. नेट, डबा, टॉवर झाले आणि आता आजीचा नमस्कार. अर्जदार त्यांच्या जागी असता तर तोही हसला असता. तरीही अत्यंत कळकळीची विनंती की,

(अ) फक्त एक रविवार मिळावा. पाच मिनिटे मिळाली तरी चालेल. जोडले गेले तर पुढचे ठरवावे.

(ब) भेटी का होत नव्हत्या याचे खरे कारण आपल्या आदेशात लिहू नये. आदेश आज ना उद्या घरी येईल व सुनेत्रावहिनी तो आईला वाचून दाखवतील. 'तांत्रिक कारण' एवढे लिहिले तरी ते खोटे ठरणार नाही.

(क) खुलासा ग्राह्य धरण्यासाठी आईचा जबाब घेणे नियमाने भाग असेल, तर खुलासा ग्राह्य धरू नये. त्याऐवजी अर्जदाराचा निष्काळजीपणा असे नमूद करावे, तो त्याखाली सही करील.

१२. वरील (क) लिहून झाल्यावर अर्जदाराने हा कागद रात्रभर बाजूला ठेवला होता. कारण असे की अवनी उद्या मोठी होईल. मोठी झालेली मुले आपापले कागद मागवून वाचतात, तशी तीही वाचील, आणि त्यात लिहिलेले असेल की बाबाने निष्काळजीपणा केला. तेव्हा सांगायला आजी नसेल. अर्जदारही असेलच असे नाही.

तिला खरे कारण सांगावे तर तेही होत नाही. कळीवरचे विमान आजीला तिनेच दाखवले. आज तिला त्याचे काही वाटणार नाही, पण पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या रविवारी ती त्यावर विचार करीत बसेल, आणि तिला समजावायला जवळ कोणी असेल की नाही कोणास ठाऊक. म्हणून हे कारण आईलाही कळू नये आणि मुलीलाही कळू नये. ते आपल्याला व मनमोहनकाकांना कळले आहे, सुरुचीला आपण खासगीत सांगावे, आणि तेथेच ते राहावे. सुरुची ऐकेल. ती अर्जदारावर रागावलेली आहे, आईवर नाही. जाताना ती एकट्या आईच्याच पाया पडली होती.

तेव्हा कागदावर आपणास योग्य वाटेल ते लिहावे, त्याला अर्जदाराची हरकत नाही. भेट मंजूर होवो अथवा न होवो, आपण अवनीशी जेव्हा बोलाल तेव्हा तिला एवढेच तोंडी सांगावे, की तुझे बाबा आणि आजी दर रविवारी अकरा वाजता बसलेले होते. तू उठून जायचीस त्यानंतरही बसलेले असायचे.

आपण हे तिला सांगितलेत, असे एका ओळीने छापखान्याच्या पत्त्यावर कळविल्यास उपकार होतील.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारा,

(सही)
जयवंत धोंडू चिंदरकर

दिनांक : सोमवार, काम सुटल्यावर
स्थळ : काळाचौकी, मुंबई

सोबत : लालबाग येथील दुरुस्तीच्या दुकानाच्या चिठ्ठ्या. सर्वांवर 'दोष आढळला नाही' असे लिहिलेले आहे. दुसरा पुरावा जोडता येत नाही.